मोटर बदलल्यानंतर

प्रिय वहिनी,

तुझ्या लेकीकडे फोन केला की ती म्हणते, आई झोपलीय, आई अंघोळीला गेलीय, आई बाळाला घेऊन गच्चीवर गेलीय. इतकी झोप आणि इतक्या अंघोळी तू उभ्या जन्मात केल्या नसशील. म्हणून शेवटी कागद घेतला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढावेत तसं, पण तू लावशील. आमच्या घरात माझं बोलणं आणि माझं अक्षर दोन्ही लावता येणारी तू एकटीच.

आधी पायाचं सांगते, नाहीतर तू बाकीचं सोडून तेच शोधत बसशील. प्लास्टर निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो माझा आहे यावर माझा विश्वास बसेना. काटकुळा, पांढुरका, खवले खवले आलेला. घोट्याशी थोडा वाकडा जुळलाय, डॉक्टर म्हणाले किंचित लंगडाल. मी म्हटलं, आमच्या धंद्यात बसूनच काम असतं. कुबड्या गेल्या, काठी आली. तेव्हा आता त्या पायाचा विचार सोड. तू दवाखान्यात आलीस, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिलीस, देवापुढे जोडावेत तसे त्या प्लास्टरपुढे हात जोडलेस आणि तशीच निघून गेलीस. इंजेक्शनच्या गुंगीत मला हाकही मारता आली नाही. पाय मोडल्याचं दुःख मी केव्हाच विसरले, पण तुझे ते जोडलेले हात काही विसरता येत नाहीत.

आणखी एक, वहिनी. गेले काही आठवडे मला खरोखरच शिसारी येते. दादाच्या ऑफिसावरून गेले की तो उदबत्तीसारखा सुगंधी फवारा मारतो ना, त्या वासाने. सर्व्हिस सेंटरच्या गुळगुळीत फरशीने. कोणी 'काळजी करू नका' म्हटलं तरी. पण हे सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धंही दादाने सांगितलेलं.

ती इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, आठवतं? आबांनी ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून दादा गल्ल्यावर आणि मी क्लचवर. क्लच नसलेली गाडी म्हणजे मला बिनमिठाची वाटली. पण महिन्याभरात माझं मत बदललं. नवशिक्यांना तिच्यासारखी गाडी नाही. बंद पडत नाही, गचके देत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाय उचलला की स्वतःच मंदावते. शहाण्या म्हशीसारखी. घाबरलेला माणूस ब्रेक शोधेपर्यंत ती निम्मी थांबलेली असते. मी सगळ्यांना एकच मंत्र द्यायचे, काही सुचलं नाही तर दोन्ही पाय वर घ्या, पुढचं गाडी बघेल.

तू याच गाडीवर शिकायला लागलीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याच घरात होता. अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्या स्कूलच्या मालकाची बायको रिक्षाची वाट बघत कोपऱ्यावर उभी. तू विषय काढलास की दादा म्हणायचा, तुला टीव्हीचा रिमोट धड धरता येत नाही, स्टिअरिंग काय धरणार. मग लेकीला दिवस गेले, आणि तिच्याकडे जायला दर वेळी कोणाच्या तरी पाया पडावं लागतं म्हणून तू हट्टाला पेटलीस. आपण त्याला न सांगता सुरुवात केली. बंद गोदामामागच्या मैदानात तू पहिल्यांदा गाडी हलवलीस तेव्हा चेहरा असा होता की जणू कोणाचं काही चोरून नेतेयस. आणि तिसऱ्या आठवड्यात तू उलटी गाडी दोन खांबांच्या मधे एका दमात घातलीस. इतकी वर्षं शिकवतेय, एका दमात घालणारे मी बोटांवर मोजेन, आणि त्यात दादा नाही.

मग पावसाळा संपता संपता मोटरमधून आवाज यायला लागला. बारीक, चिरका, डास कानाशी यावा तसा. वेग वाढला की तोही वाढायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बेअरिंग गेलंय म्हणून आख्खी मोटरच बदलली. वॉरंटीत होती, दादा खूश. गाडी घरी आली आणि मी पहिल्या चौकातच ओळखलं की ही आपली गाडी नाही. पाय ठेवला तर आधी काहीच नाही, मग एकदम मागून कोणी लाथ घातल्यासारखी पुढे. आणि पाय उचलला तर मंदावायची विसरलेली, तशीच सरकत राहायची. कधी कधी मात्र तासभर अगदी गुणी बाळ. म्हणजे तक्रार करायला घेऊन जावं तर तिथे शहाणी, बाहेर पडली की वेडी.

दादाला काय दिसलं सांगू? पिकअप. त्याने सिग्नलला उभी राहिलेली गाडी सुसाट सुटतानाचा व्हिडिओ काढला, खाली लिहिलं, 'आमची रॉकेट, आता नव्या मोटरसह', आणि स्कूलच्या जाहिरातीत लावला. मोबाइल मित्रांमधे फिरवत म्हणाला, बघा, फुकटात परफॉर्मन्स वाढला. मी म्हटलं, दादा, शिकाऊ गाडीला उडी मारता येणं हा गुण नाही. तो म्हणाला, तुला नवीन काहीच पचत नाही.

मी ती गाडी तीन वेळा परत नेली. तिथे काचेपलीकडे बसणारा जो सल्लागार आहे, मी त्याला गोडबोल्या म्हणते, तो दर वेळी उभा राहून हसायचा, कॉफी आणायचा आणि म्हणायचा, मॅडम, नवीन मोटर आहे, तुम्हाला सवय होईल. मी म्हटलं, मला सवय होईल हो, पण ज्यांना अजून कुठलीच सवय नाही त्यांचं काय? तो अजून रुंद हसला. तिसऱ्या वेळी मी तिथेच ठाण मांडलं. तेव्हा गाडी आत नेली, दिवसभर ठेवली, आणि संध्याकाळी सांगितलं की सेटिंग पूर्ण केलं, आता शंभर टक्के. मी नुसतं ऐकलं नाही. दोन दिवस स्वतः चालवली, चढावर, उतारावर, गर्दीत. नीट होती. पाय उचलला की मंदावत होती. मगच तुला बोलावलं.

त्या सकाळचं तुला सांगायला नको. मैदानातून बाहेर पडून आपण गोदामाच्या गल्लीत आलो, समोर टेम्पो उभा होता, एक माणूस त्यातून सामान उतरवत होता. तू म्हणालीस, थांबते. मी म्हटलं, थांब. आणि गाडी सुटली. माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर मी दोन्ही पायांनी उभी राहिले, पण जागाच नव्हती. टेम्पो चुकवायला तू स्टिअरिंग फिरवलंस, म्हणून तो सामान उतरवणारा माणूस वाचला. हे कोणीच बोलत नाही. भिंत माझ्या बाजूने आत आली, आणि पाय ब्रेकवरच अडकला. लोक धावले. आणि दादा आला तेव्हा, मला अजून बाहेर काढायचं होतं वहिनी, त्याने गाडीत डोकावून पहिलं वाक्य तुला उद्देशून टाकलं, 'ब्रेक समजून दुसरंच पेडल दाबलंस ना?'

तू मान हलवलीस. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. तुलाही कळलं नसेल. पण त्याला पुरेसं होतं. त्या दिवसापासून तुमच्या घरी जो कोणी मला बघायला आलेला चहाला थांबला, त्याला ही गोष्ट ऐकवली गेली. मला बाहेरून कळत होतं. 'हिने माझ्या बहिणीचा पाय मोडला', वर हशा. तू चहाचे कप उचलून आत जायचीस म्हणे. मग लेकीकडे निघून गेलीस. दादा सगळ्यांना सांगतो, बाळासाठी गेलीय.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

दवाखान्यातून मला घरी आणलं त्या आठवड्यात दादा आला. हातात बिस्किटांचा पुडा, चेहऱ्यावर बाजी मारल्याचा आनंद. म्हणाला, नवी गाडी मिळतेय, वरचं मॉडेल, जुनीच्या बदल्यात. मी विचारलं, अशी कशी देतात? आपटलेल्या गाडीच्या बदल्यात नवी द्यायला ते काय तुझे सासरे आहेत? तेव्हा तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि लहानपणी आंबट गोळ्या लपवून आणायचा तशा आवाजात सांगायला लागला.

नवी मोटर बसवली की ती गाडीच्या कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती ताकद द्यायची ते ठरवणाऱ्या पेटीला, नव्याने शिकवावी लागते म्हणे. नाहीतर कंट्रोलर जुन्याच मोटरच्या हिशेबाने नवी मोटर चालवत राहतो. मग ती कधी ताकद देत नाही, कधी नको तेव्हा देते. हे शिकवणं पहिल्या दिवशीच राहून गेलं होतं. मी तिसऱ्या वेळी भांडले तेव्हा त्यांच्या लक्षातही आलं होतं. पण त्यासाठी लागणारं यंत्र दुसऱ्या शाखेत होतं, ते येईपर्यंत त्यांनी वरवरची मलमपट्टी करून गाडी माझ्या हातात दिली. शंभर टक्के म्हणून. हे सगळं तिथल्या मॅनेजरने बंद दाराआड दादाकडे कबूल केलं. आणि दादाने काय केलं? दाराबाहेर येऊन बोंब मारली? छे. आत बसून सौदा केला. तुम्ही गाडी द्या, आम्ही म्हणतो बाईचा पाय चुकला.

मी विचारलं, 'आणि वहिनी?'

तो म्हणाला, 'तिला कशाला सांगायचं? तिला काय फरक पडतोय. आणि बरंच झालं की, आता शिकायचं खूळ गेलं डोक्यातून.'

असं म्हणून त्याने बिस्किट चहात बुडवलं. वहिनी, मला दादाचा राग पूर्वीही यायचा. आबांच्या आजारपणात आला, माझं लग्न मोडलं तेव्हा त्याने चारचौघांत जे बोलून दाखवलं तेव्हाही आला. पण राग हा आपल्या माणसाचा येतो. त्या दिवशी राग आला नाही. ते मऊ झालेलं बिस्किट तो ओठांनी ओढून घेत होता आणि मला किळस आली. ताटात झुरळ दिसावं तशी. ज्या हाताला धरून मी शाळेत गेले तो हात बघवेना. मी तोंड भिंतीकडे केलं. त्याला वाटलं, पाय दुखतोय. उशी नीट करून गेला.

मग कळलं की त्याला माझ्याकडून काय हवं होतं. गाडीत मी होते, तेव्हा शिकाऊ बाईने चुकीचं पेडल दाबलं हे माझ्या तोंडून यायला हवं. दोन दिवसांनी त्याने फोन करून अगदी सहज सांगितलं, परिवहन खात्याचे साहेब विचारतील, एवढं एक वाक्य बोल. मी फोन ठेवला. शेजारच्या शिवणवालीला म्हटलं, मला रिक्षात चढव.

आधी सर्व्हिस सेंटरला गेले. गोडबोल्या मला कुबड्यांवर बघून उभा राहिला, हसणं मात्र अर्ध्यावरच अडकलं. कॉफी आणू का म्हणाला. मी म्हटलं, गाडी दाखव. मागच्या शेडमधे, टायरांच्या ढिगाआड, ताडपत्रीखाली होती. मॅनेजर आला, त्याचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा की वाकला तर मोडेल असं वाटावं. म्हणाला, ताई, हे तुमच्या भावाशी सगळं बोलून झालंय, घरातलं घरात मिटलंय. घरातलं! माझा पाय, तुझी अब्रू, आणि घर त्याचं. मी त्याला सांगितलं की मी इथून थेट परिवहन खात्यात चाललेय, आणि तोवर या गाडीच्या एका स्क्रूला जरी हात लागला तर तेही तिथे सांगेन.

परिवहन खात्यातले साहेब पडशाने बेजार होते. नाक पुसत ऐकत होते, मला वाटलं, यांच्या डोक्यात काही शिरत नाहीये. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, 'तुमचे भाऊ तर वेगळंच सांगतायत.' मी म्हटलं, 'ते गाडीत नव्हते.' त्यांनी रुमाल खाली ठेवला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. या वेळी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं गेली आणि गाडी ताब्यात घेतली. मोटरची जुळणी झालेलीच नव्हती हे त्यांच्या तपासणीतही निघालं. गोडबोल्या आता काचेपलीकडे नसतो म्हणे. ज्याने खोटं बोलायला लावलं तो इस्त्रीवाला मॅनेजर मात्र अजून आहे.

गाडी ताब्यात घेतली त्याच संध्याकाळी दादा आला. ओरडला नाही. बाहेरच्या पायरीवर उभा राहून म्हणाला की नवी गाडी गेली, त्या लोकांनी हात वर केले, आता स्कूल बंद पडलं तर आबांच्या फोटोला तूच उत्तर दे. मग म्हणाला, 'सख्खा भाऊ मी आहे. ती बाहेरून आलेली.' मी दार लावून घेतलं. त्यानंतर तो बोलत नाही. स्कूलच्या पाटीवरून माझं नाव खरवडलंय, घाईघाईने, अर्धी अक्षरं अजून वाचता येतात. मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. उलट बरं वाटलं, अंगाला लागलेलं काही धुऊन टाकावं तसं. पेट्रोलच्या जुन्या गाडीचे कागद माझ्याच नावावर आहेत, तेवढी एक मी मैदानात आणून लावलीय. दोन मुली शिकायला येतात. त्यातली एक क्लचवर इतके गचके देते की काठीसकट मी हलते.

एवढं सगळं मी तुला तू इकडे परत आल्यावर, समोरासमोर, निवांत सांगणार होते. घाई करायचं कारण काल कळलं. परिवहनच्या साहेबांना आता प्रत्यक्ष गाडी चालवणारीचा जबाब हवाय, त्यावर सगळं अडलंय. आणि रविवारी दादा तुझ्याकडे येतोय, त्याचा कागद टाइप करून देणाऱ्यानेच मला सांगितलं. बाळासाठी खेळणी घेऊन येईल, गोड बोलेल, कदाचित घरी चल म्हणून डोळ्यांत पाणीही आणेल, आणि मग तो टाइप केलेला कागद पुढे करेल, त्यावर तुझ्या नावाने लिहिलेलं असेल, 'माझा पाय चुकून दुसऱ्या पेडलावर पडला.' तू सही करशील, वहिनी, मला भीती तीच आहे. त्याला घाबरून नाही, तर तुला स्वतःलाच ते खरं वाटतं म्हणून. मोटर खराब होती हे कळूनही तू मनात म्हणशील, असेल, पण माझाही पाय पडलाच असेल. म्हणून आता जे लिहिते ते दोनदा वाच. शिकवणारी माणसं रस्त्याकडे बघतात असं लोकांना वाटतं. आम्ही पायांकडे बघतो. तू 'थांबते' म्हणालीस तेव्हापासून भिंत येईपर्यंत मी तुझ्याच पायांकडे बघत होते. तू माझं ऐकलं होतंस. दोन्ही पाय वर घेतले होतेस. गाडी सुटली तेव्हा तुझा एकही पाय कशावरही नव्हता, दोन्ही हवेत होते. हे मी साहेबांना शपथेवर सांगितलंय. आता तू सांग.

तुझीच,
बारकी